कोपऱ्यातल्या चार डब्या

दा लाट
चांद्र पंचांगाचा आठवा महिना, अठरावी तिथी

क्वेन,

तू फोन उचलत नाहीस. ठीक आहे. पत्र उचलावं लागत नाही, ते आपलं दारातून आत पडतं, म्हणून लिहितेय. पत्ता तुझ्या आईच्या घरचा आहे. तिने स्वतःच्या डोळ्याच्या ऑपरेशनच्या वेळी नारळ पाठवले होते, त्या खोक्यावरून उतरवून घेतला. तिसरीत शाळा सुटलेल्या बाईचं अक्षर आहे, लागलं तर वाच, नाही लागलं तर आईकडून वाचून घे.

तू भाताचा कुकर, लोकरीचे दोन मोजे आणि गरम पाण्याची पिशवी विसरून गेलीस. विसरून गेलीस की टाकून गेलीस ते तुला माहीत. आम्ही बाजारात शेवंती घालायला गेलो होतो तेवढ्यात किल्ली कुंडीखाली ठेवून गेलीस. आठ महिने माझ्या चुलीवर जेवलीस. निघताना कुत्र्यालासुद्धा माणूस सांगून जातं.

परवा तुझ्या विद्यापीठातून एक जण मोटारसायकलवर आला. म्हणाला, ओल मोजायच्या चाळीसच्या चाळीस डब्या काढून द्या, काम थांबलंय. मी म्हटलं, ज्या पोरीने लटकावल्या ती येऊन काढेल, पॉलिहाऊसमध्ये मी परक्याला शिरू देत नाही, पायाला कुठली कीड घेऊन येता देव जाणे. तो म्हणाला, "मावशी, ती आता येत नाही. तिने पीएचडी सोडली."

मी त्याला चहासुद्धा विचारला नाही.

काय झालं, पोरी? तू तर ओल्या पानावर ओलावा किती तास टिकतो ते मोजत बसायचीस, भूक लागली तरी हलायची नाहीस. असल्या माणसाने काम सोडलं तर काहीतरी मोठं असणार.

आमचे मालक मध्येच डोकावून म्हणाले, "लिहितेस तर सगळं लिही." मी म्हटलं, तुम्ही तुमची पाइपलाइन बघा.

माझे हात बरे आहेत. सालं निघत नाहीत. हे तुझ्यामुळे, एवढं आज लिहून ठेवते.

साउ मावशी


दा लाट
आठवा महिना, सव्विसावी तिथी

क्वेन,

तो मोटारसायकलवाला पुन्हा आला. या खेपेला चहा दिला, कारण मला त्याच्याकडून ऐकायचं होतं. आर्टिचोकचा चहा दोन पेले प्याला आणि बोलला. म्हणाला, तुझ्या पीएचडीच्या विन सरांचं म्हणणं आहे की तू आकडे बनवलेस. सहाव्या महिन्यात सर इथे आले होते ना, त्याच्या आदल्या दिवशी खालच्या कोपऱ्यातल्या चार डब्यांनी एकदम सांगायला सुरुवात केली की कोपरा कोरडा आहे. पंधरा दिवस कोरडा, मग पुन्हा एका दिवसात ओला. आणि पानांवरचा पांढरा तांबेरा रोग मात्र नेमका त्याच पंधरा दिवसांत त्याच कोपऱ्यात पसरला. "सरांना दाखवायला तिने आकडे गोड करून घेतले," असं तिथे सगळे म्हणतात म्हणे. आणि तू त्यांच्या तोंडावर म्हणालीस की माझ्या डब्या खोटं बोलत नाहीत, आणि उठून आलीस.

मी त्याला म्हटलं, ती पोरगी आकडे बनवणारी नाही. ती भातात मीठ जास्त पडलं तरी सांगते.

तो म्हणाला, "मग आकडे बदलले कसे?"

मी त्याचा रिकामा पेला उचलला.

तुला एक सांगायचं राहिलं होतं. मी एकदा डब्या भांड्याच्या फडक्याने पुसल्या होत्या. धूळ बसली होती. तू म्हणाली होतीस हात लावू नका, पण धूळ बघून मला राहवत नाही. त्याने काही होतं का? होत असेल तर सरांना तसं कळव.

लिहायला बसले तर मला तुझा पहिला दिवस आठवतो. आधी दोन जण आले होते तुमच्यासारखे. ते आले, पट्टी लावून मोजलं, छपराचे फोटो काढले, गेले. तू आलीस ती गारठलेली, नाक लाल. डब्यांचं खोकं खाली ठेवलंस आणि मला विचारलंस, "मावशी, या शेवंतीच्या घरात काम करताना तुमचे पाय कुठे ओले होतात?"

बावीस वर्षं मी शेवंती करतेय. औषधवाले येतात, बियाणंवाले येतात, सगळे मला सांगून जातात. विचारलं कुणी नव्हतं. मी तुला खालच्या कोपऱ्यात नेलं. ओढ्याची थंडी तिथून आत शिरते, तिसऱ्या गादीवाफ्यापाशी गुडघ्याखाली गार लागतं, वर डोक्याशी मात्र उकडतं. तू लगेच चार डब्या गुडघ्याएवढ्या उंचीवर बांधल्यास. मालक म्हणाले, "बघा, आता आमच्या बाईचे गुडघे विद्यापीठात जाणार." तू हसलीस, पण वहीत लिहिलंस. मी पाहिलं लिहिताना.

मग तू सांगितलंस, सकाळी ऊन यायच्या आधी छपराची झडप उघडा, तासभर आधी बाजूचे पडदे वर करा. मी म्हटलं, वेडी आहेस, थंडी आत येईल. तू म्हणालीस, थंडी येऊ द्या, ओल बाहेर जाऊ द्या. दर पाच दिवसांची फवारणी महिन्यातून दोनदावर आली. माझ्या हाताची सालं निघायची थांबली. भाचीच्या लग्नात मी अंगठी घातली, बारा वर्षांनी.

हे मी तुला तोंडावर कधी म्हटलं नाही. म्हणायला हवं होतं.

साउ मावशी


दा लाट
नववा महिना, चौथी तिथी

क्वेन,

तुझ्या आईने नारळाच्या वड्या पाठवल्या आणि सोबत दोन ओळी. "मुलगी तुमची पत्रं वाचते. मला दाखवत नाही. दिवसभर माझ्या बहिणीच्या दुकानात बसून दोरीची बंडलं मोजते."

दोरीची बंडलं. वाचून मी वडी खाली ठेवली.

मागच्या पत्रातलं फडकं खरं आहे, पण त्याने काही झालेलं नाही. मलाही ते माहीत होतं. आता खरं लिहिते. मध्ये उठू नकोस.

तुझ्या त्या चार डब्या मी काढल्या होत्या.

सहाव्या महिन्यात तू आईच्या ऑपरेशनला गेली होतीस. विन सर येणार असा निरोप होता. तू दारापाशी जो टॅब खिळ्याला अडकवला होतास, त्यावर पॉलिहाऊसचा नकाशा आणि त्यात चाळीस ठिपके. छत्तीस हिरवे, खालचे चार लाल. रोज लाल. मी येता-जाता बघायची. शेजारची बाई येऊन म्हणाली, "का गं, तुझं घर नापास झालं वाटतं?" ती थट्टा करत होती. मला लागली.

माझी शाळेची वही अशीच होती. लाल. मास्तर सगळ्यांसमोर उघडून धरायचे. तिसरीत मी वही चुलीत घातली आणि शाळेचं नाव काढलं नाही.

सर येणार, मोठी माणसं येणार, आणि दारातच माझ्या घराचा लाल कोपरा टांगलेला. पाहुणे यायच्या आधी घर झाडतात की नाही? मी झाडलं. बाराव्या तिथीला पौर्णिमेची तोडणी होती, बायका कामाला होत्या, त्या गेल्यावर मी चारही डब्या सोडल्या आणि वर दारापाशी, जिथे सगळ्यात कोरडं असतं, तिथे तुझ्या दुसऱ्या डब्यांच्या शेजारी लटकावल्या. थोड्या वेळात सगळे ठिपके हिरवे. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. मालक म्हणाले, "अगं, डब्या हलवल्यास की कोपरा वाळवलास?" मी म्हटलं, तुम्हाला काय कळतंय.

सर आले. चहा प्यायले. टॅब बघून म्हणाले, "या पावसाळ्यात इतकं कोरडं घर? बाई, तुम्ही फार छान राखलंय." मी तिसरी नापास बाई, पोरी. त्या वाक्यावर मी चार दिवस जगले.

त्याच दिवशी परत लटकावायला हव्या होत्या. नाही लटकावल्या. हिरवं बघायची चटक लागली. सत्ताविसाव्या तिथीला, पुढच्या तोडणीच्या दिवशी, खालच्या कोपऱ्यात गेले तर दोन वाफे तांबेऱ्याने गेलेले. पानामागे पांढरे फोड, हात लावला की पान हातात. सातव्या महिन्याच्या पौर्णिमेची फुलं होती ती, लोक आईच्या नावाने वाहतात ती. लाल ठिपका मला रोज सांगत होता आणि मी त्याचं तोंड फिरवून ठेवलं होतं. वाफे उपटून जाळले. डब्या पुन्हा गुडघ्याच्या उंचीला बांधल्या, तुझ्यासारखीच गाठ मारून. दोन दिवसांनी तू आलीस.

आणि मग आठव्या महिन्यात तू मला विचारलंस. मी कांदा चिरत होते. "मावशी, मी नसताना तुम्ही डब्यांना हात लावला होता का? खरं सांगा, मी रागावणार नाही."

मी म्हणाले, "नाही."

मालक तिथेच बसले होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

मला वाटलं एका शब्दाने काय होतंय. तुझं असं होईल हे मला माहीत नव्हतं. पण माहीत असतं तर खरं बोलले असते का, ते मी आता छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.

तू रागावणार नाहीस म्हणाली होतीस. तेवढा शब्द तू मागे घेऊ शकतेस.

साउ


दा लाट
नववा महिना, तेरावी तिथी

क्वेन,

मी सायगॉनला जाऊन आले.

तुझं उत्तर यायची वाट बघत बसले असते तर नव्या वर्षाच्या शेवंतीची लागवड झाली असती आणि मला निघता आलं नसतं. पहाटेची बस धरली. घाटात दोनदा ओकले. मालक सोबत येतो म्हणाले, मी म्हटलं, ओकायला एक माणूस पुरे.

विद्यापीठाच्या दारावरच्या माणसाने विचारलं, कुणाला भेटायचंय. मी म्हटलं, विन सरांना. कशासाठी? मी म्हटलं, त्यांनी एका पोरीला खोटारडी म्हटलंय, खरी खोटारडी दाखवायला आलेय. त्याने मला लगेच वर सोडलं.

सरांनी मला ओळखलं नाही. त्यांच्या त्या वाक्यावर मी चार दिवस जगले होते आणि त्यांना माझा चेहरासुद्धा आठवत नव्हता. बरंच झालं, बोलायला सोपं गेलं. सगळं सांगितलं. मागच्या पत्रात तुला लिहिलं तसंच, वहीच्या गोष्टीसकट.

ते म्हणाले, "तारीख सांगा."

"सहावा महिना, बारावी तिथी."

"म्हणजे इंग्रजी कुठली?"

"ती तुम्ही शोधा. आम्ही पौर्णिमेची फुलं पौर्णिमेच्या तीन दिवस आधी तोडतो, आणि पुढच्या महिन्याच्या पहिल्या तिथीची सत्तावीसला. डब्या पहिल्या तोडणीला काढल्या, दुसऱ्या तोडणीला लावल्या."

"नक्की? तीन महिने झाले. तुमची आठवण चुकत असेल."

"माझी चुकेल. पौर्णिमा चुकते का?"

त्यांच्याजवळ एक मुलगी बसली होती, तिने हसू दाबलं आणि फोनवर पंचांग काढलं. सरांनी कॉम्प्युटरवर तुझी ती रेघ काढली. बाराव्या तिथीला, दुपारनंतर, रेघ खाली पडलेली. सत्तावीसला वर चढलेली. मी सांगितलेल्या वेळेला, तासाच्या हिशेबाने. सर चष्मा काढून बसले. मग त्यांनी आणखी एक रेघ काढली, दारापाशी आधीपासून असलेल्या डब्यांची. ते पंधरा दिवस तुझ्या चार डब्यांची रेघ त्या रेघेवर अगदी चिकटून चाललेली, भाताला भात चिकटतो तशी.

त्यांनी मला समजावलं ते मला समजलं तसं लिहिते. त्यांना आधीपासून शंका होती की या चार डब्याच बिघडलेल्या असतील, उगीच ओलं ओलं म्हणत असतील. पण त्याच डब्या कोरड्या जागी नेल्यावर शेजारणींसारखंच कोरडं म्हणाल्या. परत खाली नेल्यावर ओलं म्हणाल्या. म्हणजे डब्या खऱ्या, कोपराच ओला. "हे आम्ही मुद्दाम करून बघायला हवं होतं," ते म्हणाले. "तुम्ही न कळता केलंत." आणि डब्या नसताना तिथे तांबेरा आला, तोही तुझ्या म्हणण्याप्रमाणेच, ओल टिकते तिथेच आला.

मी म्हटलं, "मग पोरीचं काय?"

ते म्हणाले, लगेच सगळं सरळ होणार नाही. समितीला लेखी लागेल. ते पंधरा दिवस कोपऱ्याच्या हिशेबातून काढून टाकावे लागतील. नव्या वर्षाच्या पिकावर पुन्हा एकदा मोजणी करावी लागेल, पहिल्यापासून. आणि तिची तयारी हवी.

मी म्हटलं, "तुमची माफी हवी, त्याचं बोला."

मग म्हणाले, "मी तिला पत्र लिहीन."

"आत्ता लिहा. मी बसते. माझी बस उद्या आहे."

त्यांनी लिहिलं. मी वाचलं नाही, मला मोठ्या लोकांचं अक्षर लागत नाही. या पाकिटात आहे.

मग मी माझा जबाब लिहिला. ती मुलगी म्हणाली, मावशी, तुम्ही सांगा, मी टाइप करते. मी म्हटलं, नको, माझ्या हातचं असू दे. सात ओळींना दुपार गेली. फॉर्ममध्ये एक रकाना होता, संशोधकाशी आपलं नातं. मुलगी म्हणाली, शेतमालकीण असं लिहा. मी तेच लिहिलं. मग पेन उचललं नाही आणि पुढे लिहिलं, आणि तिने विश्वासाने विचारलं तेव्हा तिच्याशी खोटं बोललेली बाई. मुलगी म्हणाली, एवढं नाही लागत. मी म्हटलं, मला लागतं.

तो कागदही याच पाकिटात आहे, त्यावर खाली दोन सह्यांची जागा आहे. एक माझी झाली. दुसरी तुझी. सर म्हणाले, या महिन्याच्या पंचविसाव्या तिथीच्या आत सायगॉनला पोचली तर समितीसमोर ठेवता येईल. ही तिथी त्यांनी स्वतः पंचांग बघून सांगितली, मला समजावं म्हणून.

तू सही करावीस असं मी म्हणणार नाही. तेवढा हक्क मी कांदा चिरताना घालवला. पण दोरी मोजण्यासाठी तुझा जन्म नाही, एवढं कुणीतरी स्पष्ट बोलायला हवं. तुझी आई बोलत नसेल. ती चांगली बाई आहे. मी नाही, म्हणून मी बोलते.

परवा नव्या वर्षाची लागवड करतेय. खालच्या कोपऱ्यातही करतेय. मालक म्हणतात तो वाफा रिकामा ठेव, तांबेरा येईल. मी म्हटलं, रिकाम्या वाफ्यात ती काय मोजेल?

साउ


दा लाट
नववा महिना, एकोणतिसावी तिथी

क्वेनच्या आईस,

पाकिटावर नाव क्वेनचंच आहे, पण ते पोचेल तेव्हा ती तुमच्याकडे नसेल. उद्या दुपारी ती इथे उतरते. सरांच्या माणसाने फोन केला, तिचा कागद चोविसाव्या तिथीला पोचला. तिने स्वतः मला काही कळवलेलं नाही. फक्त आज सकाळी एक मेसेज केला, "डब्यांच्या बॅटऱ्या काढून ठेवा, मी नव्या आणतेय." एवढंच. मावशी नाही, काही नाही. मी तो मेसेज मालकांना तीनदा वाचून दाखवला.

ती समोर आली की मला हे लिहिता येणार नाही आणि बोलता तर मुळीच येणार नाही. म्हणून तुम्हाला लिहितेय. तिला नंतर कधीतरी सांगा, किंवा सांगूही नका, तुम्हाला माहीत असलं म्हणजे झालं.

तुमच्या मुलीने माझं पीक वाचवलं, ते लोक तिच्या पुस्तकात वाचतील. माझे हात वाचवले, ते कुणी वाचणार नाही. आणि एक तिसरं आहे ते कसं लिहायचं कळत नाही. बावीस वर्षं मी त्या घरात राबले आणि मला वाटायचं की मला काही येत नाही, फक्त सवय आहे. तिने माझी सवय वहीत उतरवली आणि वर माझं नाव लिहिलं. पूर्ण नाव. ते मी शेवटचं लग्नाच्या कागदावर पाहिलं होतं.

असली पोरगी माझ्यामुळे महिनाभर दोरी मोजत बसली. तुम्ही मला शिवी दिली नाहीत, वड्या पाठवल्यात. त्या सगळ्या संपल्या. मालकांनी खाल्ल्या.

तिची खोली झाडून ठेवली आहे. दोन गोधड्या ठेवल्या आहेत, तुमच्याकडच्या माणसांना इथली थंडी सोसत नाही. ती आली की पहिले चार दिवस माझ्याशी बोलणार नाही, हे मी धरून चालले आहे. पाचव्या दिवशी भांडेल. भांडू दे, मी ऐकून घेईन, अर्धा तास तरी. त्यानंतर मीही बोलायला लागेन, तुम्हाला माझा स्वभाव एव्हाना कळला असेल.

तिला मी रागावेन, वेळेवर जेवली नाही तर शिव्याही देईन. तिने तुमच्याकडे तक्रार केली तर मनावर घेऊ नका. खोटं मात्र आता तिच्याशी बोलणार नाही, विचारलं तरी आणि नाही विचारलं तरी.

तुमची,
साउ